करार संपला, भाडेकरू राहिला

हे प्रकरण माझ्या मावशीचं आहे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत, बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आकडे मात्र तिच्या वहीतले आहेत, थोडे गोळाबेरीज करून. भाड्याच्या एका फ्लॅटवरून दहा वर्षांत काय काय घडलं, कुठं आम्ही चुकलो आणि कुठं थोडक्यात वाचलो, ते नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

पार्श्वभूमी

मावशी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०१४ साली निवृत्तीचे पैसे हातात आले. त्यात काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वाट्याच्या जमिनीचे पैसे घातले आणि पुण्यात खराडीला दोन बीएचकेचा तयार फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ५४ लाख पडले. कर्ज एक रुपयाचं नाही. फ्लॅट एकट्या मावशीच्या नावावर. मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला होता, लग्न झालं की तो तिथं राहील असा हिशेब होता. वर्षभरात मुलगा बंगळूरला गेला आणि तिथलाच झाला.

म्हणजे फ्लॅट भाड्यानं द्यायचा हा निर्णय खरं तर कुणी घेतलाच नाही. घर रिकामं होतं, आयटी पार्क जवळ होतं, एजंटनं माणूस आणला आणि १५ हजार भाडं सुरू झालं. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला इथं दिसतं. भाडं किती मिळेल हे सगळ्यांनी विचारलं. साताऱ्याहून हे घर सांभाळायचं कुणी, हे कुणीच विचारलं नाही.

पहिली पाच वर्षं काकांनी निभावलं. ते स्वभावानं कागदाचे पक्के होते. करार संपायच्या महिनाभर आधी स्वारगेटची गाडी पकडून यायचे, नळ, गीझर, खिडक्या बघायचे, नवा करार करूनच परतायचे. २०१९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि हे काम मावशीवर आलं. मग लॉकडाऊन. फ्लॅट जवळजवळ वर्षभर रिकामा राहिला आणि देखभालीचे पैसे मात्र दरमहा जात राहिले.

जून २०२१ मध्ये एजंटनं एक कुटुंब आणलं. नवरा, बायको, बालवाडीतला मुलगा. १७ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. ऑनलाइन नोंदणी झाली, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही गेली. कुटुंब चांगलं होतं. भाडं पाच तारखेच्या आत यायचं. दिवाळीला फराळाचा डबा एका ओळखीच्या माणसाबरोबर साताऱ्यापर्यंत पोचला होता.

करार ३० एप्रिल २०२२ रोजी संपला. मावशीनं फोन केला, भाडं ५०० रुपयांनी वाढवून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला पुण्याला आले की करारही करून टाकू." ती पुढची खेप आली जानेवारी २०२४ मध्ये.

अडचण कशी वाढत गेली

२०२२ च्या मध्यापासून कार्यालयं उघडली, माणसं पुण्यात परतली आणि खराडीतली भाडी भराभर चढली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट २८ हजारांना गेला. मावशीला हे कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. तिनं भाडेकरूला फोन करून एकदम २५ हजार मागितले.

तो म्हणाला, परवडणार नाही. ती म्हणाली, मग जागा सोडा. तो म्हणाला, बघतो. नोव्हेंबरचं भाडं आलं नाही. डिसेंबरचंही नाही. मेसेज आला: "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या." डिसेंबरच्या शेवटी फोनवर आवाज चढले आणि तो बोलून गेला, "करारच नाही तर मी आता भाडेकरू झालोय. मला असं कुणी काढू शकत नाही." या एका वाक्यानं मावशी आठ दिवस झोपली नाही. आजोबांच्या वाड्यातले भाडेकरू चाळीस वर्षं पाच-दहा रुपये भाडं देत राहिले होते, ते तिनं लहानपणी पाहिलेलं. तिला वाटलं, गेला आपला फ्लॅट.

तेव्हा तिनं मला बोलावलं. मी हडपसरला राहते आणि हिशेबाचंच काम करते, एवढीच माझी पात्रता.

कायदा काय म्हणतो

पुण्यातल्या एका वकिलांकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी कागद मागितले. मावशीनं पिशवीतून काकांची फाइल काढली. २०१४ ते २०१९ चे सगळे करार क्रमानं लावलेले, वर २०२१ चा एक आणि त्यानंतर काहीच नाही. वकिलांनी शेवटचा करार वाचला, तारीख पाहिली आणि तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "यानंतर वीस महिने तुम्ही काय करत होतात?"

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक घरमालकानं ऐकावं असं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची असते. नाही सोडली तर मालक दिवाणी न्यायालयाच्या लांबच्या वाटेनं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. तिथं संक्षिप्त पद्धतीनं सुनावणी होते, समोरच्याला बचाव करायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणजे कायदा मालकाच्या बाजूनं बराच भक्कम आहे. आजोबांच्या वाड्याची गोष्ट वेगळ्या काळाची, वेगळ्या नात्याची होती.

पण कलम ५५ दुसऱ्या बाजूनं बोलतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसं नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मावशीकडे एक संपलेला नोंदणीकृत करार होता आणि त्यानंतर अठरा महिने तिनं वाढीव भाडं आनंदानं घेतलं होतं. वकिलांचं मत असं की नुसतं भाडं घेतल्यानं हा माणूस संरक्षित भाडेकरू होत नाही, निकाल आपल्याच बाजूनं लागेल. पण "तोंडी नवा करार झाला होता, तीन वर्षं राहायचं ठरलं होतं" असं त्यानं म्हटलं तर वाद घालायला जागा आहे, आणि वाद म्हणजे तारखा. एका जरी तारखेला मावशी काकांना सोडून साताऱ्याहून येऊ शकली नाही तर सगळं आणखी पुढं.

एक गैरसमज इथंच सांगते, कारण तो आमच्या घरातही होता. ११ महिन्यांचाच करार का? तर वर्षाहून कमी असला की नोंदणी लागत नाही म्हणून, असं सगळे सांगतात. महाराष्ट्रात हे खरं नाही. इथं लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आहे. आणि मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्के हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. मावशीनं २०२१ मध्येच ३३ महिन्यांचा करार केला असता, दर ११ महिन्यांनी १० टक्के वाढ लिहून, तर पहिलं हे प्रकरण उभंच राहिलं नसतं, दुसरं, मे २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात तिला सुमारे ३५ हजार रुपये जास्त मिळाले असते. आणि २५ हजारांची एकदम मागणी करायची वेळही आली नसती. मला वाटतं भाडेकरू बिथरला तो त्या उडीमुळं. साडेसतराचे पंचवीस म्हणजे त्याच्या पगाराचा मोठा घास होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नात्यातल्या एका दादानं सुचवला: चार पोरं घेऊन जाऊ, कुलूप बदलू, नाहीतर सोसायटीला सांगून पाणी तोडू. हा पर्याय मी पाच मिनिटंही चर्चेत ठेवला नाही. भाडे नियंत्रण कायद्यात पाणी-वीज अशा आवश्यक सेवा तोडायला मनाई आहे, आणि जबरदस्तीनं घरात शिरलं की पोलिसात तक्रार आपल्यावर होते. घरात सहा वर्षांचा मुलगा होता, हे कायद्याच्याही आधी डोळ्यांसमोर आलं.

दुसरा पर्याय, आहे त्या अवस्थेत फ्लॅट विकायचा. एका गुंतवणूकदारानं चौकशी केली होती. भाडेकरूसकट घेईन, पण बाजारभावापेक्षा १० लाखांनी कमी. मावशी दोन दिवस खरोखर याच्याकडे झुकली होती. भीती माणसाला किती स्वस्तात विकायला लावते ते मी तेव्हा पाहिलं.

तिसरा पर्याय, नोटीस आणि कलम २४ खाली अर्ज. सरळ आणि कायदेशीर, पण किती महिने लागतील ते हातात नाही, आणि तेवढा काळ भाडं बंद.

चौथा, बसून बोलायचं. थकबाकीतलं काही सोडायचं, त्या बदल्यात जागा सोडायची पक्की तारीख मिळवायची.

वकिलांनी तिसऱ्या आणि चौथ्याची सांगड घातली. आधी नोटीस द्या, म्हणजे आपण गंभीर आहोत हे कळेल. मग बोला. आणि बोलणं जमलं तर साध्या कागदावर समझोता लिहून घेऊ नका. तीन महिन्यांचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. त्यानं त्यावर अंगठा दिला की तो स्वतःच मान्य करतो की आपण लायसन्सी आहोत आणि अमुक तारखेला आपली मुदत संपते. मागचे वीस महिने मग वादाचा विषय राहत नाहीत. या एका सल्ल्याची किंमत मला त्यांच्या फीच्या कितीतरी पट वाटते.

त्या घरात गेलो तेव्हा

नोटीस पोचल्यावर चार दिवसांनी, जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघी खराडीला गेलो. मावशी त्या घरात अडीच वर्षांनी पाऊल टाकत होती.

भाडेकरूच्या बायकोनं दार उघडलं, "या काकू" म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला. तो समोर बसला, गप्प. मी कागद काढणार तेवढ्यात तो म्हणाला, "आधी आतली खोली बघा."

बाथरूमला लागून असलेली भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. पलंग भिंतीपासून दोन फूट पुढं ओढलेला. मुलाचं दप्तर आणि वह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिडकीत ठेवलेल्या. मावशीनं भिंतीला हात लावला तर पोपडा सुटून तिच्या हातात आला. त्यानं मोबाइलवर मेसेज काढून दाखवले. जुलै २०२२ पासून त्यानं ओल आल्याचे अकरा फोटो पाठवले होते. मावशीचं प्रत्येकाला उत्तर होतं, "बघते." मधे दोनदा त्यानं स्वतः प्लंबर आणून ७,५०० रुपये खर्च केले होते, बिलंही ठेवली होती. पैसे मागितले नव्हते, कारण भाडंही वाढवून मागितलं जात नव्हतं. त्याच्या मनात तो व्यवहार असा जुळलेला होता. मावशीच्या मनात असा काही व्यवहार नव्हताच.

मावशी काही बोलली नाही. नंतर गाडीत म्हणाली, "अगं, माझ्या वर्गात अशी भिंत असती तर मी मुलांना बसवलं नसतं."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली जी नोटिशीत किंवा मेसेजमध्ये कधीच आली नसती. तो जागा सोडायला तयार होता. अडलं होतं ते दोन ठिकाणी. मुलाची पहिलीची परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत होती, शाळा तिथून चालत अंतरावर. आणि नव्या जागेसाठी डिपॉझिट भरायला पैसे नव्हते, कारण त्याचे ५० हजार मावशीकडे अडकलेले. भाडं थांबवून तो नव्या डिपॉझिटची पुंजी जमवत होता. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण यामागं कब्जा करायचा बेत नव्हता, एवढं मात्र स्पष्ट झालं.

काय ठरलं, काय केलं

ठरलेलं असं. नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिन्यांची थकबाकी ५२,५०० रुपये. त्यातून प्लंबरचे ७,५०० वजा, उरले ४५ हजार, ते डिपॉझिटमधून वळते. डिपॉझिटचे ५ हजार शिल्लक. १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल २०२४ असा तीन महिन्यांचा नवा नोंदणीकृत करार, भाडं १७,५००. फेब्रुवारी आणि मार्चचं भाडं त्यानं द्यायचं. एप्रिलचं माफ, मात्र ताबा मुदतीत दिला तरच, आणि ही अट वेगळ्या पत्रात. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दर, म्हणजे महिना ३५ हजार, करारात ठळक.

वकिलांना यातलं एक अजिबात पटलं नव्हतं: डिपॉझिट आत्ताच संपवून टाकणं. "तीन महिने तुमच्या हातात काहीच राहत नाही," ते म्हणाले. बरोबरच होतं. मलाही धाकधूक होती. पण मावशी ठाम राहिली. तिचं म्हणणं, त्याच्या हातात पैसे उरले नाहीत तर तो जाणार कुठं? आपल्याला पैसे हवेत की घर? या प्रश्नाचं उत्तर एकदा ठरलं की बाकीचे आकडे आपोआप जागेवर बसले.

पुढच्या शनिवारी करार नोंदवणारा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन त्याच घरी आला. मावशीच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. चाळीस वर्षं खडू धरलेली बोटं. तिनं बोट ओल्या रुमालानं पुसलं, कपाळाला घासलं, सहाव्या प्रयत्नाला आधारशी जुळलं. भाडेकरूच्या मुलाला ते बघून फार गंमत वाटत होती. मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आत, नोंदणी फी एक हजार, त्या मुलाची फी वेगळी. सगळं मिळून तीन हजारही लागले नाहीत. एवढ्या खर्चासाठी आणि एवढ्या वेळासाठी वीस महिने चालढकल झाली होती.

फेब्रुवारीचं भाडं पाच तारखेला आलं. मार्चचं १९ ला, दोनदा आठवण केल्यावर. त्या दोन आठवड्यांत मी अर्जाचा मसुदा तयार करून ठेवायला वकिलांना सांगितलं होतं. त्याची गरज पडली नाही. २ मे रोजी टेम्पो लागला आणि तिसऱ्या प्रहरी किल्ल्या मिळाल्या. दोन दिवस उशीर झाला म्हणून एप्रिलची माफी रद्द करायची का, असं मी विचारलं. मावशीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. वीजबिल चुकतं करून ५ हजारातले उरलेले पैसे तिनं त्याच्या बायकोच्या हातात दिले.

महिन्याभरानं त्याचा मला फोन आला. वडगावशेरीत जागा मिळाली होती आणि नवा करार करायचा होता. दुरुस्ती किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चानं, याचं कलम कसं लिहायचं ते त्याला हवं होतं. मी लिहून दिलं.

ठेवायचा की विकायचा

फ्लॅट हातात आला, आणि आता खरा निर्णय समोर होता. दहा वर्षांपूर्वी जो घेतला गेला नव्हता तो.

आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, रंग आणि स्वयंपाकघरातल्या मोडलेल्या ट्रॉल्या, असे १ लाख १८ हजार गेले. वेळेवर केलं असतं तर नुसत्या बाथरूमचं काम तीस-पस्तीस हजारांत झालं असतं, असं मिस्त्रीचं म्हणणं.

मग मी हिशेब मांडला. भाडं २७ हजार धरलं तर वर्षाचे ३ लाख २४ हजार. दोन भाडेकरूंच्या मधे सरासरी महिनाभर रिकामा, २७ हजार वजा. सोसायटीची देखभाल ३६ हजार. मिळकतकर सुमारे २२ हजार, कारण पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते ती भाड्याच्या घराला नाही. (शेजारच्यांनी मावशीला सुचवलं होतं, लिहून दे की मीच राहते. तिनं ऐकलं नाही.) नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते तो आकार, नियमाप्रमाणे ३ हजार. दुरुस्त्या सरासरी ३० हजार. दलाली, करार, जाणं-येणं १५ हजार. हातात उरतात १ लाख ९१ हजार. फ्लॅटची किंमत तेव्हा ८५ लाखांच्या आसपास बोलली जात होती. म्हणजे सव्वादोन टक्के. आयकरात मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तो एक दिलासा. किमतीतली वाढ पाहिली तर ५४ चे ८५ व्हायला दहा वर्षं, वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जरा वर. दोन्ही मिळून सात टक्क्यांच्या आत-बाहेर. फार वाईट नाही. पण त्यातली किंमतवाढ विकल्याशिवाय ताटात येत नाही, आणि मावशीला दरमहा औषधं, फिजिओथेरपी आणि काकांची देखभाल करणारी बाई यांचे पैसे लागत होते.

जाता जाता एक सापडलं. हा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सोसायटी महिना एक हजार आकारत होती. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हा आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तिच्या बाबतीत तो अडीच-तीनशे होतो. पत्र दिलं, कमिटीनं फार वाद न घालता दोन वर्षांची जादा रक्कम देखभालीत वळती केली. आठ वर्षं कुणी आदेश वाचलाच नव्हता.

माझं मत ठेवावा असं होतं. दुरुस्ती झालेली, भाडी चढती, तीन वर्षांचा करार करू, मी लक्ष घालीन. मावशी म्हणाली, "तू लक्ष घालशील, पण रात्री झोप माझी जाईल." आम्ही विक्रीची जाहिरात दिली.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानं आम्हाला हादरवलं. मालमत्तेवरच्या दीर्घकालीन नफ्याला महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरायची सोय) काढला आणि कर १२.५ टक्के केला. ८३ लाखांना विकला तर साडेतीन लाख कर. मावशीनं विक्री थांबवायला सांगितली. दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीनं, निर्देशांकासह २० टक्के, असा हिशेब करून जो कर कमी तो भरता येईल. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२४-२५ चा ३६३. ५४ लाखांची खरेदी निर्देशांकानं ८१ लाख ६७ हजारांवर गेली. दलाली वजा जाता नफा उरला पन्नास हजारांच्या आत, कर दहा हजारांच्या आसपास. त्या दोन आठवड्यांत घाबरून काही केलं नाही, हे बरं झालं.

दसऱ्याला टोकन आलं, जानेवारी २०२५ मध्ये ८३ लाखांना खरेदीखत झालं. मधले आठ महिने फ्लॅट रिकामा होता. तेवढं भाडं धरलं तर सव्वादोन लाखांच्या जवळपास बुडालं. घेणाऱ्यांना रिकामं घरच बघायचं असतं हे खरं, पण मे महिन्यात किंमत थोडी कमी सांगितली असती तर दिवाळीपूर्वीच सगळं उरकलं असतं असं मला अजून वाटतं. मी ८८ वर अडून बसले होते. ती चूक माझी.

परत करायची वेळ आली तर

घर घेतानाच लिहून ठेवीन: हे कोण सांभाळणार, किती किलोमीटरवरून, आणि त्या माणसाला जमेनासं झालं तर कोण. २०१९ मध्ये काका अंथरुणाला खिळले तेव्हाच विकायचं की नाही हा प्रश्न काढायला हवा होता. तेव्हा तो काढणं क्रूर वाटलं, म्हणून राहिला.

करार संपायची तारीख मालकाच्या फोनमध्ये दोन महिने आधी वाजली पाहिजे. माणूस चांगला असेल तर जास्तच, कारण चांगल्या माणसाच्या बाबतीतच आपण कागद विसरतो. ओलीचा पहिला फोटो आला तेव्हा मिस्त्री पाठवला असता तर त्या माणसाशी बोलणं कधी तुटलंच नसतं. आणि नोटीस द्यायच्या आधी एकदा त्या घरी जायला हवं होतं. क्रम उलटा झाला. वकील आजही म्हणतात की नोटिशीमुळंच तो बोलायला बसला. मला वाटतं, भिंतीला मावशीचा हात लागला म्हणून तो बोलायला लागला. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

विक्रीच्या पैशातले ३० लाख मावशीनं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, ८.२ टक्क्यांनी. १ जुलै २०२५ रोजी तिमाहीचं पहिलं पूर्ण व्याज जमा झालं, ६१,५०० रुपये. बाकीचे मुदत ठेवींत विभागून आहेत. हे व्याज पाच वर्षं वाढणार नाही, भाडं वाढलं असतं, हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं. गेल्या महिन्यात त्याच इमारतीतला एक फ्लॅट ३० हजारांना गेल्याचं कळलं. मी तेही तिला फोनवर सांगितलं, लपवून काय करायचं. तिनं आकडा वहीत लिहून घेतला. मग विचारलं, "नवीन लोकांकडं बाथरूमची ओल परत आली नाही ना गं? एकदा चौकशी कर."